भुरकीचं नाक

गेले अकरा दिवस अजून न घडलेलं एक चित्र माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. माझी मुलगी ऑपरेशननंतर कामावर परत गेली आहे. खिडकीखालच्या लांब टेबलावर पांढरे कप ओळीनं मांडलेले आहेत. ती चमचा बुडवते, भुरका मारते आणि थांबते. पुढच्या कपाकडे जाते, मग त्याच्या पुढच्या. सगळ्या कपांत तिला नुसतं गरम पाणी लागतं. ती कुणाला काही सांगत नाही, वहीत काहीतरी लिहून ठेवते.

तिच्या डोळ्यांचं विचारलं की सगळे मला नीट उत्तर देतात. नाकाचं विचारलं की हसतात. घरात सगळे झोपले आहेत, म्हणून हसणारं कुणी नाही, तेवढ्यात हे लिहून काढते.

माझी मुलगी चहा चाखते. हे तिचं काम आहे, छंद नव्हे. एका मोठ्या चहा कंपनीच्या चाखण्याच्या खोलीत ती सतरा वर्षं आहे. मळ्यांतून नमुने येतात, ते तोलून भांड्यात घालतात, उकळतं पाणी ओततात, पाच-सहा मिनिटांनी गाळून कपात उतरवतात. मग ही ओळीनं चालत जाते. चमच्याभर चहा जोरात ओढून घ्यायचा, म्हणजे त्याचा फवारा टाळ्याच्या मागून थेट नाकात चढतो, आणि मग चाकं लावलेल्या पिकदाणीत थुंकून पुढे सरकायचं. दिवसाला दोनशे-अडीचशे कप. कुठला नमुना कशात मिसळायचा हे तिच्या शब्दावर ठरतं. जिभेला फक्त कडू, तुरट, गोड एवढंच कळतं. बाकी सगळा चहा नाकात असतो. हे मला तिनंच शिकवलं, आणि मी रसायनशास्त्राची पदवीधर असूनही तोवर मला ते ठाऊक नव्हतं.

लहानपणी ती कुठलीही पातळ गोष्ट आवाज केल्याशिवाय पीत नसे. दूध असो, सरबत असो, खोकल्याचं औषध असो. ह्यांनी तिचं नाव भुरकी ठेवलं. मी रागवायचे, "अगं, पाहुण्यांसमोर तरी तोंड मिटून पी!" पुढे तिला त्याच आवाजासाठी नेमणूकपत्र आलं, तेव्हा हे ते पत्र घेऊन घरभर फिरले आणि दर खोलीत मला ऐकू जाईल असं म्हणाले, "आवाज करायचा पगार देतात, बाईसाहेब!" हा विनोद ह्यांच्या मते अजून शिळा झालेला नाही.

नाकाचं मात्र माझ्या लक्षात फार आधी आलं होतं. मी एका शाळेची प्रयोगशाळा सांभाळायचे. सुट्टीत तिला बरोबर न्यायचे. बाटलीला नाक लावायचं नाही, हातानं वारा घालून वास आपल्याकडे आणायचा, हे मी तिला सहाव्या वर्षी शिकवलं. आठव्या वर्षी ती चिठ्ठ्या गळून पडलेल्या बाटल्या ओळखून मला लावून द्यायची. नऊ वर्षांची असताना एकदा जिन्यात उभी राहून म्हणाली, "खालच्या काकूंकडे गॅस गळतोय." काकू म्हणाल्या, "कार्टीला शाळेत जायचं नसेल." दुपारी माणूस येऊन नळी बदलून गेला.

अशा नाकाला जपावं लागतं. तिच्या घरात वासाचा साबण नाही. जावयांनी दाढीचा साबणसुद्धा बदलला, आणि लग्नानंतर पहिल्या वर्षी मला म्हणाले होते, "आई, मी आता उकळलेल्या पाण्यासारखा माणूस झालोय, कशाचाच वास नाही." सर्दी झाली की ती टेबलाजवळ जात नाही, कागदपत्रं बघते. एकदा एका मोठ्या खरेदीच्या नमुन्यात तिला ओल्या रंगाचा वास आला. बाकी चौघांना नाही आला. तिनं सही केली नाही. चौकशी केली तेव्हा कळलं की मळ्याच्या गोदामाचं दार आठवड्यापूर्वी रंगवलं होतं. चाखण्याच्या खोलीचे मुख्य, ज्यांना सगळे मास्तर म्हणतात, ते तेव्हापासून तिच्या सहीखाली आपली सही करतात, वर नाही.

या वर्षी ती कप पाडायला लागली. मधले नाहीत, ओळीच्या टोकांचे. कोपर लागायचं आणि कप खाली. मास्तर म्हणाले, "बाई, कडेच्या कपांशी काय वैर आहे तुमचं?" ती हसली, आम्हीही हसलो. मग ती पिकदाणीवर धडकली. त्या दिवशी मास्तरांनी तिला खुर्चीवर बसवलं, समोर बसून आपल्या नाकावर नजर ठेवायला सांगितलं आणि स्वतःचे दोन्ही हात फाकून दोन चमचे धरले.

"किती चमचे?"

"कुठले चमचे?"

मास्तरांनी हात हळूहळू आत आणले. बऱ्याच आत आल्यावर ती म्हणाली, "हां, दोन." त्यांनी चमचे खाली ठेवले आणि तिला स्वतः गाडीत घालून डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. आजवर या प्रकरणात तिच्याकडे खरोखर बघितलं ते या एका माणसानं.

मेंदूच्या तळाशी, नाकाच्या मुळामागे वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते, पिट्युटरी. तिच्यावर गाठ झाली होती, मोठ्या द्राक्षाएवढी. कर्करोग नव्हे, देवाची कृपा. पण ती वर वाढून डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात तिथे दाबत होती, आणि म्हणून दोन्ही बाजूंचं दिसणं मिटत चाललं होतं. या जातीच्या गाठीला औषध चालत नाही. काढायलाच हवी, आणि लवकर. इथपर्यंत माझं कुणाशी भांडण नाही.

काढण्याच्या तऱ्हा दोन, खरं तर तीन. कवटी उघडून वरून जाणं. ते हिच्या गाठीला लागत नाही असं सगळ्यांनी सांगितलं. उरल्या दोन, आणि दोन्ही नाकातून. म्हणजे चहाच्या वाटेनंच. हे ऐकलं तेव्हा मी पहिल्यांदा खुर्चीचा हात घट्ट धरला.

पहिले डॉक्टर वयानं मोठे, नाव मोठं, भिंतीवर प्रशस्तिपत्रं. ते एका नाकपुडीतून नळकांडं घालून सूक्ष्मदर्शकाखाली ऑपरेशन करतात. "तीस वर्षं हेच करतोय, डोळे मिटून करीन," म्हणाले. मी म्हटलं, "डोळे उघडे ठेवलेत तर बरं." जावयांनी मला पायानं खुणावलं. मग मी विचारलं, "वासाचं काय होईल?"

ते हसले. "आजी, जीव हवाय की वास?"

"दोन्ही हवेत. म्हणून तर तुमच्याकडे आलो."

"अहो, सर्दीत कुठे वास येतो आपल्याला? चालतंच ना?"

मला आजी म्हटल्याचं काही नाही, नातू आहे मला. पण आजी म्हटलं की बाई विचारते ते प्रश्न नसतात, गाऱ्हाणी असतात, अशी यांची समजूत दिसते. माझी मुलगी शेजारी बसली होती. चाळीस वर्षांची बाई, दोनशे कपांतून एक खोटा कप काढणारी. ती म्हणत होती, "हो सर. बरं सर."

दुसऱ्या रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाई वयानं लहान. त्या दुर्बिणीनं करतात. पेन्सिलीएवढी नळी, टोकाला कॅमेरा, दोन्ही नाकपुड्यांतून. सूक्ष्मदर्शकाला सरळ समोरचं दिसतं, दुर्बीण आत जाऊन कोपऱ्यात मान वळवते, असं त्यांनी समजावलं. हिची गाठ एका बाजूला कलली आहे, म्हणून त्यांची तऱ्हा बरी. बाई चांगल्या वाटल्या. चित्र काढून दाखवलं. पण सगळं डोळ्यांचं आणि गाठीचं. वासाचं विचारलं, तेवढ्यात त्यांना बोलावणं आलं आणि उत्तर द्यायला त्यांचा साहाय्यक उरला.

"तीन महिन्यांत येतो परत. बहुतेकांना," तो म्हणाला.

"बहुतेकांना म्हणजे? कसं मोजता?"

"पेशंटला विचारतो ना. वास येतो का? येतो म्हणाले की झालं."

"आणि ऑपरेशनच्या आधी किती येत होता, ते?"

त्यानं फाईल उघडली. मग म्हणाला, "आई, तुम्ही जरा बाहेर बसता का? पेशंटची तपासणी करायचीय."

बाहेर बसले. बसून तिचा फॉर्म वाचला. वय, उंची, वजन, ॲलर्जी. व्यवसाय या रकान्यात टेबलावरच्या माणसानं लिहिलं होतं: खासगी नोकरी. मी त्याच्याकडे गेले. "ही चहा चाखते, तसं लिहा." तो म्हणाला, "मॅडम, यादीत सहाच पर्याय आहेत. त्यातलाच घ्यावा लागतो." मी यादी बघितली. शेती, व्यापार, सरकारी नोकरी, खासगी नोकरी, गृहिणी, विद्यार्थी. गवयाचा गळा कापायचा असेल तर तोही खासगी नोकरी.

आता जावयांचं. माणूस सज्जन आहे, हे आधी लिहिते, कारण पुढचं वाचून कुणाला वेगळं वाटेल. ते एका कारखान्याच्या खरेदी विभागात आहेत. दिवसभर निविदा उघडायच्या आणि तुलनात्मक तक्ता करायचा, हे त्यांचं काम. त्या रविवारी त्यांनी जेवणाच्या टेबलावर असाच तक्ता पसरला. आडव्या ओळी, दोन उभे रकाने: सूक्ष्मदर्शक, दुर्बीण. गाठ पूर्ण निघण्याचं प्रमाण, दृष्टी सुधारण्याचं प्रमाण, मेंदूभोवतीचं पाणी नाकातून गळण्याचा धोका, रुग्णालयात किती दिवस, डॉक्टरांनी केलेली ऑपरेशनं. खर्चाची ओळ त्यांनी घातलीच नव्हती, आणि त्याबद्दल मी त्यांना मनातल्या मनात हात जोडले. प्रत्येक ओळीला खूण होती. दुर्बीण पुढे होती.

"यात वासाची ओळ कुठे आहे?" मी विचारलं.

"आई, त्याचे आकडे दोघांनीही दिले नाहीत."

"मग?"

"आकडे नसतील तर ओळ धरता येत नाही. तक्ता वाकडा होतो."

"तुमचा तक्ता सरळ राहावा म्हणून पोरीचं नाक सोडून द्यायचं?"

"आई, असं काय बोलता!" ते खरंच दुखावले. "मी काय मुद्दाम सोडलं?"

मुद्दाम नाहीच सोडलं. तेच तर सांगते आहे. ज्या नाकासाठी या माणसानं साबणसुद्धा बदलला, ते नाक त्याच्या तक्त्यात शिरलं नाही, कारण कारखान्यात बिनआकड्याची ओळ खोडायची सवय. आणि आकडा नाही, कारण रुग्णालयात कुणी मोजलं नाही. आणि मोजलं नाही, कारण ज्यांना विचारलं त्यांनी साबणाचा वास येतो म्हटलं आणि तेवढ्यावर ते बरे झाले असं धरलं. माझी मुलगी साबणाचा वास घेण्यासाठी कामाला जात नाही.

भुरकी इतका वेळ ताटात बोट फिरवत होती. एकदम म्हणाली, "पुरे करा दोघंही. माझे डोळे चाललेत. दुर्बीण तर दुर्बीण." आणि उठून गेली. ऑपरेशन या येत्या गुरुवारचं ठरलं.

मी मग वाचायला लागले. भुरकीच्या भावाकडून लेख छापून आणले, शब्दकोश घेऊन बसले. कुठलंही एक यंत्र दुसऱ्यापेक्षा नाकाला बरं, असं ठाम कुणी म्हणत नाही. एका लेखात हे, दुसऱ्यात ते. पण एक गोष्ट बऱ्याच ठिकाणी सापडली. दुर्बिणीनं कवटीच्या तळाला मोठं भोक पडलं तर ते बंद करायला नाकाच्या मधल्या पडद्यावरचं अस्तर, त्याच्या रक्तवाहिनीसकट, सोलून वळवतात आणि भोकावर ठिगळासारखं बसवतात. त्यानं पाणी गळणं थांबतं. पण वासाचे धागे त्याच पडद्याच्या वरच्या कडेला असतात. ती वरची पट्टी न दुखवता ठिगळासाठी अस्तर काढता येतं, काही डॉक्टर तसं काढतात. आधी ठरवलं तर. सांगितलं तर. बोटाच्या पेराएवढ्या जागेचा प्रश्न आहे.

आणि ही पेराएवढी जागा कुणाच्या हातात? हे मला शुक्रवारी कळलं. संमतीच्या कागदावर डॉक्टरांच्या दोन सह्यांची जागा होती. मी परिचारिकेला विचारलं, दुसरी कुणाची?

"नाकाचे सर. वाट तेच करतात. अस्तर वगैरे तेच काढतात. मग मॅडम गाठ काढतात."

"ते कधी भेटणार आम्हाला?"

"सर डायरेक्ट थिएटरमध्येच येतात हो. पेशंट तेव्हा भूल दिलेला असतो."

मी तिथेच बाकावर बसले. महिनाभर आम्ही दोन यंत्रांची तुलना करत होतो. कोण किती कोपऱ्यात बघतं, कुणाचा हात किती बसलेला. आणि ज्या माणसाचं पातं माझ्या मुलीच्या नाकाला लागणार आहे, त्यानं तिला जागेपणी पाहिलेलंच नाही. तो गुरुवारी सकाळी हात धुऊन येईल, हिरव्या कापडातून बाहेर आलेलं एक नाक बघेल आणि कामाला लागेल. त्याला काय माहीत ते नाक कुणाचं? खासगी नोकरी! मळ्यातल्या दाराचा रंग हुंगणारं नाक, आणि कागदावर खासगी नोकरी!

त्याच संध्याकाळी मी तिच्या स्वयंपाकघरात गेले. ती डबे पुसत होती. कडेचा डबा दिसेना म्हणून हातानं चाचपत होती; ते बघून माझा आवाज आपोआप खाली आला.

"नाकाच्या डॉक्टरांना सांगायला हवं गं."

"काय सांगू? मला चहा नीट लागायला हवा म्हणून?"

"हो."

"आई, त्या बाकांवर कोण कोण बसलेलं असतं, बघितलंस ना? एका बाईला तिचं बाळ दिसत नव्हतं. आणि मी जाऊन म्हणू, माझा वास जपा? किती लाडावलेली बाई म्हणतील."

"म्हणू देत."

"तुला सोपं आहे म्हणायला." तिनं फडकं पिळलं. "मोठ्या डॉक्टरांनी हसून दाखवलं ना तुला? मला नाही कुणाकडून हसून घ्यायचं. आणि तू कुणाला फोन करायचा नाहीस. वचन दे."

मी दिलं. ती पुन्हा कडेचा डबा चाचपायला लागली होती, म्हणून दिलं.

पण विचार केला की मस्तक भडकतं. हिला लाज वाटायला कुणी शिकवलं? कप वाईट असेल तर पन्नास माणसांसमोर "हा चालणार नाही" म्हणणारी ही मुलगी. मालकाच्या मेव्हण्याच्या मळ्याचा माल तिनं परत पाठवलाय. महिन्याभरात रुग्णालयांनी तिला असं केलं की आपली गरज मागणं तिला चैन वाटायला लागलं. डोळे द्या म्हणायचं तर नाक सोडायला हवं, असा जणू सौदाच. असा सौदा कुणी उघडपणे मांडला नाही, पण प्रत्येकानं हसून, घड्याळाकडे बघून, बाहेर बसवून तो तिच्या गळी उतरवला. डोळ्यांसाठी नाक द्यावंच लागणार असेल तर तिनं द्यावं, मी एक शब्द बोलणार नाही. पण ते तिनं द्यावं. कुणाच्या लक्षात आलं नाही म्हणून जाऊ नये.

नाकाच्या डॉक्टरांच्या दवाखान्याचा नंबर मी काल मिळवला. सोमवारी, म्हणजे आता उजाडेल त्या दिवशी, नऊला उघडतो. काल दिवसभर माझं ठरलं होतं की वचन गेलं चुलीत, नऊच्या ठोक्याला मी फोन करणार. काय बोलायचं तेही लिहून काढलं. ते वाचलं आणि मलाच कसंतरी झालं. "माझी मुलगी", "तिला", "तिच्यासाठी". तिच्या वतीनं मी. तक्ता तिच्या वतीनं जावयांचा, "जीव हवाय की वास" तिच्या वतीनं मोठ्या डॉक्टरांचं. त्या रांगेत आता आई.

तेव्हा तो फोन मी करणार नाही, निदान आधी नाही. ती सहाला उठते. मी तिला फोन करीन आणि नंबर लिहून घ्यायला सांगीन. म्हणीन, नऊला तू स्वतः बोल. तू काय काम करतेस ते आधी सांग. ऑपरेशनच्या आधी मला वास किती येतो ते मोजा म्हण. पडद्याची वरची पट्टी सोडता येईल का विचार, आणि सोडल्यानं डोळ्यांना किंवा पाणी गळण्याला धोका वाढतो का तेही विचार, कारण वाढत असेल तर ते कळायलाच हवं. ते हसले तर भुरका ऐकून हसणाऱ्या नव्या माणसाकडे मास्तर जसं बघतात तसं बघ. फोनवर दिसत नाही, तरी बघ. ती चिडेल. वचनाची आठवण करून देईल. मी म्हणीन, हो, मोडणार आहे, सव्वानऊला. तोवर तुझा वेळ. त्यानंतर तू माझ्याशी महिनाभर बोलली नाहीस तरी चालेल.

सहाला अजून तीन तास आहेत. पण तिच्या खोलीतही आत्ता दिवा असणार, मला माहीत आहे. सहापर्यंत थांबत नाही. आत्ताच करते.